तीन बोटं डावीकडे

काटेसाहेबांचा ‘फुकट’ या शब्दावर विश्वास नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी पिशवी खांद्याला लावून दुकानादुकानांतले वजनकाटे तपासले होते. पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेली वजनं, तोलताना अलगद टेकणारा अंगठा, सगळं त्यांनी पाहिलं होतं. दुकानदार जितका गोड बोलेल तितक्या लवकर ते त्याचं पारडं उलटं करून बघत. नोकरी संपली, पण खोड राहिली. आता दुकानं नव्हती, म्हणून ती घरातल्या माणसांवर आणि वस्तूंवर चालायची.

निवृत्तीच्या वर्षी घरावर डिश बसली. “एकदा बसवली की झालं, दरमहा काही भरायचं नाही,” असं डिशवाला म्हणाला, तेव्हा साहेबांनी बॉक्स उलटा करून त्याच्या पोटावरचा कागद भिंगातून वाचून काढला. त्यात काही सापडलं नाही. पुढची सहा वर्षं कुणी काही मागायलाही आलं नाही, आणि त्यामुळे त्यांचा संशय उलट वाढलाच.

तरी डिशवर त्यांचा जीव होता हे कबूल करायला हवं. तीनशे नंबरनंतर टीव्हीची चॅनेलं संपत आणि रेडिओची सुरू होत. चित्र नाही, नुसता निळा पडदा आणि खाली पट्टीत चॅनेलचं नाव. तीनशे बारावर दिवसभर जुनं वाद्यसंगीत लागायचं. मध्ये कुणी बडबडत नसे, काही विकत नसे. गुरुवार सोडून रोज चार वाजता साहेब त्या निळ्या पडद्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसत. बायको म्हणायची, “जगात चित्र नसलेला टीव्ही बघणारा तुमच्यासारखा माणूस दुसरा नसेल.”

एक गोष्ट मात्र त्यांना खटकायची. तीनशे चाळीसपासून एकसष्टपर्यंत रेडिओचीच आणखी बावीस चॅनेलं यादीत होती, आणि त्यांतल्या एकावरही आवाज येत नसे. ‘सिग्नल नाही,’ एवढंच. ती कशाला ठेवलीस असं त्यांनी डिशवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “राहू द्या साहेब, कुठं जागा खातायत.” आणि त्याने मान खाली घालून वायर गुंडाळायला घेतली. साहेबांनी ती खाली घातलेली मान लक्षात ठेवली.

यंदा बॉक्स बदलला आणि नव्या बॉक्सवर सिग्नल आकड्यात दिसू लागला. मग काय, साहेबांना आयतं कोलीत मिळालं. रोज संध्याकाळी आकडा बघायचा आणि डायरीत टिपायचा. सोमवार चौऱ्याहत्तर. मंगळवार चौऱ्याहत्तर. बुधवार चौऱ्याहत्तर. गुरुवार एकाहत्तर. शुक्रवारी गच्चीवर जाऊन डिशला केसभर ढकललं की परत चौऱ्याहत्तर. पुढच्या गुरुवारी एकोणसत्तर. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्र्याहत्तर. दोन महिन्यांची पानं समोर ठेवून ते बसले आणि त्यांनी एकेका गुरुवारखाली रेघ मारली. वारा असता तर त्याने वार बघून डिश हलवली नसती. हा माणसाचा हात होता, आणि तो हात डिश परत जागेवर आणून ठेवायचा प्रयत्न करत होता. फक्त त्याला साहेबांसारखं अचूक आणता येत नव्हतं.

गुरुवारी साडेतीन ते साडेपाच साहेब घरी नसत. जुन्या कचेरीतली मंडळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमत, तिथे ते सहा वर्षं न चुकता जात. म्हणजे ज्याचा हात होता, त्याला हे माहीत होतं.

संशयित पहिला: खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई. ती नवं कापड बेतण्याआधी भिजवून गच्चीवर वाळत घालायची, त्यामुळे तिचा वर सतत राबता. साहेबांनी बुधवारी संध्याकाळी डिशच्या दांड्यापासून शेजारच्या पाण्याच्या नळापर्यंत एक काळा दोरा ताणून बांधला. गाठ खात्यातली, सील लावताना मारायची तशी, आणि दोन्ही टोकं पट्टीने मोजून सारखी कापलेली. गुरुवारी संध्याकाळी परत येऊन बघतात तो दोरा जागच्या जागी. पण गाठ दुसरी. साधी सुरगाठ, घाईने मारलेली, एक टोक लांब, एक आखूड.

साहेब दोरा खिशात घालून थेट शिवणवाल्या बाईकडे गेले.

“जरा एक गाठ मारून दाखवा,” ते म्हणाले.

बाईने मशीन थांबवलं, साहेबांकडे पाहिलं, दोऱ्याला गाठ मारली आणि टोक दातांनी तोडलं. ही ती गाठ नव्हती.

“साहेब, डिशला मी कशाला हात लावू? माझ्याकडे टीव्हीच नाही.”

“मग गुरुवारी चारच्या सुमारास वर कोण असतं?”

“काय की. गुरुवारी मी वर जात नाही.”

“का जात नाही?”

“नाही जात,” बाई म्हणाली आणि तिने मशीन सुरू केलं. त्या आवाजात पुढचा प्रश्न बुडाला. हिला माहीत आहे आणि ही सांगत नाही, हे साहेबांना लख्ख कळलं. दुकानदाराचा नोकर मालकाला सांभाळून घेताना अगदी असाच कामाला लागतो.

घरी येऊन त्यांनी बायकोला हे सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. “पाखरं बसत असतील,” ती म्हणाली.

“पाखरं गाठी मारत नाहीत.”

“मग तुम्हीच मारली असेल आणि विसरला असाल. हल्ली चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधता.” तिने पुसलेलं भांडं पुन्हा एकदा पुसलं. साहेबांचं तिकडे लक्ष गेलं नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हात बघणाऱ्या माणसाला आपल्या घरातले हात बघायची सवय नव्हती.

पुढच्या बुधवारी त्यांनी डिशवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, की दांडा खांबाला वेल्ड करून टाक. नट नको, पाना नको, काही ढिलं करायची सोयच नको.

डिशवाला गच्चीवर उभा राहून डोकं खाजवू लागला. “साहेब, डिश अशी कायमची जखडत नाहीत. उद्या हलवायला लागली तर?”

“कुणाला हलवायला लागेल?”

“नाही, म्हणजे एकदा घरात बाईंना विचारा तरी.”

“बाईंना? बाईंचा काय संबंध?”

डिशवाल्याने नजर खांबाकडे वळवली. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने ठिणग्या उडवायला सुरुवात केली. काम संपल्यावर साहेबांनी डिशला लोंबकळून पाहिलं. ती तसूभरही हलली नाही. पण खाली उतरताना त्यांनी डिशवाल्याचं वाक्य पुन्हा तोलून पाहिलं. बाईंना विचारा. म्हणजे डिशवाल्यालाही ठाऊक, शिवणवालीलाही ठाऊक, आणि जे ठाऊक होतं ते त्यांच्याच घरात होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोवर संशय घ्यायची वेळ आली नव्हती. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही त्यांनी तो घेतला.

गुरुवारी साडेतीनला ते नेहमीसारखे पिशवी घेऊन निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले, औषधाच्या दुकानासमोर उभं राहून खोकल्याच्या बाटल्यांचे भाव वाचले, आणि चार वाजायला दहा मिनिटं असताना मागच्या जिन्याने चपला हातात घेऊन गच्चीवर आले.

बायको डिशशी झटत होती. कपड्यांच्या चिमट्यांची टोपली पायाशी उपडी पडली होती आणि चिमट्यांमध्ये एक लोखंडी पाना होता. त्या पान्याचा आता उपयोग नव्हता, कारण नट होताच कुठे. ती दोन्ही हातांनी दांडा ओढत होती, सगळं अंग मागे टाकून. तळहात लाल झाले होते. साहेबांना पाहून ती दचकली नाही.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“ते मी विचारतोय. हे काय चाललंय?”

“आधी किती वाजले सांगा.”

“चारला आठ कमी. कधीपासून चाललंय हे? कोण आहे? कुणासाठी?” त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा झाला होता.

ती दांडा सोडून कठड्यावर बसली. मग तिने सांगितलं, आणि भराभर सांगितलं, कारण वेळ नव्हता.

डिश बसवली त्या दिवशी साहेब संध्याकाळपर्यंत कचेरीत होते. डिशवाला वर डिश फिरवत होता आणि ती खाली टीव्हीसमोर बसून आवाज आला की ओरडत होती. फिरवता फिरवता मध्येच एक रेडिओ लागला, तिच्या माहेरच्या शहरातला, श्रोत्यांचे निरोप वाचून दाखवणारा. आणि निवेदिकेने वाचलं: टोपलीताईसाठी, तिच्या धाकट्या भावाकडून. ती ओरडली, “थांब, तिथंच थांब.” डिशवाल्याने दोन्हीकडची चॅनेलं बॉक्समध्ये भरून दिली आणि तिला शिकवलं, की दांडा आणि नळ यांच्यामध्ये तीन बोटं जास्त सोडा, डावीकडे, की तो रेडिओ लागेल.

टोपलीताई. लग्नात सगळं माहेर तिला याच नावाने चिडवत होतं. धाकटा भाऊ वडिलांच्या माराला घाबरायचा, तेव्हा ती त्याला धुण्याच्या टोपलीत बसवून वर चादर टाकायची आणि वडिलांना सांगायची, तो खेळायला गेलाय. हे नाव दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं.

“तुम्ही काय म्हणाला होतात?” ती म्हणाली. “या घरातून त्याला पत्र जाणार नाही. फोन जाणार नाही. त्याचं पाऊल या घरात पडणार नाही. मी बरं म्हटलं होतं. बारा वर्षांत एक पत्र नाही टाकलं, एक फोन नाही केला. ऐकायचं नाही असं तुम्ही म्हणाला नव्हतात.”

करारातली कलमं त्यांनीच घातली होती, आणि तिने ती तंतोतंत पाळली होती.

“त्याला माहीत आहे, तू ऐकतेस ते?”

“कसं माहीत असणार? तो आपला दर गुरुवारी निरोप पाठवतो. दारातलं झाड वाढलं, दात काढला, मुलगी कामाला लागली. दर वेळी शेवटी विचारतो, ऐकतेस ना ताई. मी इथून हो म्हणते.” ती उठून पुन्हा दांड्याकडे गेली. “मागच्या गुरुवारी म्हणाला, सोमवारी छाती उघडणार आहेत. म्हणाला, पुढच्या गुरुवारी माझं नाव वाचलं तर समज, वाचलो. नाही वाचलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.” तिने दांडा पुन्हा ओढला. “आणि तुम्ही काल हे जखडून टाकलंत.”

चारला पाच कमी होते.

साहेबांना बारा वर्षांपूर्वीचं जेवणाचं टेबल आठवलं. मेहुणा चार दिवस राहायला आला होता. खात्याच्या पितळी प्रमाण वजनांची मखमली पेटी त्याने कौतुकाने उघडून पाहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं वीस ग्रॅमचं वजन नव्हतं. पाहुणे जेवत असताना, पोराबाळांसमोर, साहेबांनी मेहुण्याची पिशवी टेबलावर उपडी केली. एक सदरा, दाढीचं सामान, बहिणीने बांधून दिलेला खाऊ. वजन नव्हतं. “विकलं असेल,” साहेब म्हणाले होते. मेहुणा ताटावरून उठला तो गेलाच. साहेबांनी वहीतलं त्याच्या नंबराचं पान फाडून टाकलं.

चार वर्षांनी ते वजन त्यांच्या स्वतःच्या कचेरीच्या पिशवीच्या फाटक्या अस्तरात सापडलं. ते त्यांनी जुन्या चष्म्याच्या घरात ठेवलं, ते घर कपाटाच्या तळाशी ठेवलं, आणि कुणाला सांगितलं नाही. काय तोंडाने सांगणार होते? आयुष्यभर लोकांची खोटी वजनं पकडणाऱ्या माणसाने स्वतःचं खरं वजन आठ वर्षं लपवून ठेवलं होतं.

“मला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “ते वजन—”

“चष्म्याच्या घरात आहे. आठ वर्षं झाली मला बघून. कपाट मीच आवरते ना.” ती त्यांच्याकडे न बघता बोलली. “तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आता ते राहू द्या, हे सोडवा.”

गच्चीवरच्या कोळसा ठेवायच्या खोपटात एक जुना घण होता. साहेबांनी तो आणला आणि वेल्डवर घातला. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. दुसऱ्याला पत्रा वाकला. खाली शिवणमशीन थांबलं आणि बाई जिन्यात येऊन उभी राहिली. सहाव्या की सातव्या घावाला दांडा खांबापासून सुटला आणि डिश साहेबांच्या अंगावर आली. त्यांनी ती छातीशी धरली. वायर शाबूत होती. ती टेकवून ठेवायला मात्र आता आधार उरला नव्हता.

“तू खाली जा,” ते म्हणाले. “मी धरतो.”

ती गेली. शिवणवाली बाई जिन्याच्या मधल्या वळणावर थांबली, निरोप वर पोचवायला. साहेबांनी दांडा खांबाला टेकवला, नळापासून अंतर बोटांनी मोजलं, तीन बोटं जास्त सोडली.

“नाही म्हणतायत,” बाई ओरडली.

अर्धं बोट आणखी. नाही. किंचित वर. नाही. साहेबांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, पण तो पुसायला हात मोकळा नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले आणि हातांवर सोपवलं. सोनं तोलायचा काटा स्थिर करताना श्वास धरून जितकं हलवायचं, तितकंच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, त्यांनी हलवलं.

“लागलं,” बाई म्हणाली. “तिथंच राहू द्या म्हणतायत.”

ते तिथेच राहिले. खांदे भरून आले, मग दुखले, मग दुखायचेही थांबले. खालून शब्द कळत नव्हते. मधूनच गाण्याचा तुकडा, मधूनच निवेदिकेच्या बोलण्याची भुणभुण. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की सगळं काही त्यांच्या हातात होतं आणि तपासायला काहीच नव्हतं. मेहुणा जगला की गेला हे त्यांना ऐकू येणार नव्हतं. बायको जे सांगेल ते खरं मानायचं होतं. त्यांना रडू आलं. हात अडकलेले होते, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

साडेचारला ती वर आली. पदराने चेहरा पुसलेला होता, त्यावरून काही कळेना.

“आलं नाव,” ती म्हणाली. “मुलीने पाठवलंय. अजून झोपूनच आहे, पण बोलतो. विचारलंय, ऐकतेस ना.”

साहेबांनी डिश खाली ठेवली. बोटं सरळ होईनात. “नंबर मिळवू,” ते म्हणाले. “रेडिओवाल्यांकडून मिळेल. आत्ता फोन कर.”

“मी नाही करणार. बोलणं तुम्ही थांबवलंत, सुरूही तुम्हीच करा.”

ते त्याच संध्याकाळी लिहायला बसले. फोन करता आला असता. पण झडती त्यांनी भरल्या टेबलासमोर घेतली होती, तेव्हा माफीही चार भिंतींत मागून चालणार नव्हती, एवढा हिशोब त्यांना कळत होता. तीन कागद फाडले. चौथ्यावर रेडिओच्या नावाने लिहिलं, की टोपलीताईच्या भावाला पुढील निरोप वाचून दाखवावा. वजन माझ्याच पिशवीत होतं. आठ वर्षांपूर्वी सापडलं. तुझी ताई सहा वर्षं दर गुरुवारी ऐकते आहे. ये. खाली त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं, जे गल्लीत आता कुणाला आठवतही नव्हतं. ते पत्र त्यांनी बायकोला दाखवलं नाही.

डिशवाल्याने खांब पाहिला, वाकलेला पत्रा पाहिला आणि हसू दाबलं. नवा जोड मिळायला दोन आठवडे लागतील म्हणाला. तोवर तीनशे बारा बंद. चार वाजता साहेब बंद टीव्हीसमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसत आणि पत्र कुठे पोचलं असेल याचा विचार करत. टपालवाला, रेडिओचा कारकून, निवेदिका, प्रत्येकावर त्यांनी एकेकदा संशय घेऊन झाला.

पुढच्या गुरुवारी ते वाचनालयात गेले नाहीत. पावणेचारलाच गच्चीवर जाऊन त्यांनी डिश उचलली, डोळे मिटले आणि दोन मिनिटांत ती लावली. शिवणवाली बाई कापड घेऊन वर आली होती, ती खालचा ‘लागलं’ हा निरोप सांगून कापड वाळत घालू लागली. खालून गाणं आलं, बोलणं आलं, पुन्हा गाणं आलं. मग एकाएकी आवाज खूप मोठा झाला. कुणीतरी खाली तो शेवटपर्यंत वाढवला होता, तरी शब्द कळले नाहीत. मग टीव्ही पूर्ण बंद झाला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती, कार्यक्रम संपायला अजून दहा मिनिटं होती.

साहेब डिश तशीच धरून उभे राहिले. पत्र वाचलं की नाही, पूर्ण वाचलं की मधलं गाळलं, विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

जिन्यात पावलं वाजली. बायको आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिने दांड्याला हात घातला, त्यांच्या हातांच्या बरोबर खाली.

“पुढच्या गुरुवारी उत्तर ऐकायला तुम्ही खाली बसा,” ती म्हणाली. “मी धरते.”